विरजणमास्तर

पहिला घाव मास्तरांच्या तोंडावर बसला. खोऱ्याचा दांडा होता. जबडा मोडल्याचा आवाज मला बांधावर ऐकू आला. मास्तर खाली बसले, पण हातातली पाटी त्यांनी सोडली नाही. पाटीत काळी माती होती, ती त्यांनी पोटाशी धरली. मग चार-पाच जण त्यांच्यावर तुटून पडले. पुढे माझा दीर होता. सकाळीच त्याने आपलं धाकटं पोर पुरलं होतं, आणि ज्या खोऱ्याने पुरलं त्याच खोऱ्याने तो आता माणूस मारत होता.

"आमची पोरं मारायला जंतू पाळतोस व्हय रं?" तो ओरडत होता.

मास्तर सांगलीचे. तिथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. नोकरी संपल्यावर आमच्या कोरेगावकडे बहिणीच्या गावी येऊन राहिले. माणूस भेटला की रामराम नंतर. आधी त्याच्या रानातली मूठभर माती उचलून हुंगायचे. माझी माती हुंगली तेव्हा त्यांना ठसका लागला.

"बाई, ही माती मेलीय."

"ते मला ठावं हाय मास्तर. नवं कायतरी सांगा."

ओढ्याच्या वरच्या अंगाला मशीनचं जुनं तेल गाळायचा कारखाना निघाला होता. त्याचा काळा गाळ पुराच्या पाण्याने माझ्या रानात पसरला. ज्वारी जळाली, मग गवतही उगवेना. नवरा पलटणीत होता, तो एकाहत्तरच्या लढाईत गेला. मला तेवढंच रान. दीर म्हणायचा, "वैनी, देऊन टाक कारखान्याला गाळ टाकायला, आन् माझ्या दारात भाकरी खा." त्याच्या दारातली भाकरी मला नको होती.

मास्तरांनी मला शेजारच्या विहिरीवर नेलं. तिथल्या ऑइल इंजिनातून वर्षानुवर्षं तेल ठिबकत होतं, आणि तरी खालच्या मातीत हरळी हिरवीगार होती. ती माती त्यांनी खुरप्याने खरवडून घेतली.

"बाई, दुधाला विरजण कसं लावता?"

"चमचाभर दही घालते. आनि कसं?"

"दह्यात बारीक जंतू असतात. दिसत नाहीत, पण दूध खाऊन वाढतात. या मातीतले जंतू तेल खायला शिकलेत. यांना तुमच्या रानात सोडायचं. शेण घालायचं, ओल ठेवायची, माती वरखाली करून हवा द्यायची. विष उपसून टाकायचं कुठं? खाणारा आणायचा."

मी चौथी शिकलेली. पण विरजण मला कळत होतं.

मग रोज तेच. कुजलेलं शेण, उसाचं पाचट, पाणी, आणि कुदळ. मास्तरांना कुदळ नीट चालवता येत नसे, दोनदा स्वतःच्या पायावर मारून घेतली. माती वळवताना ते जंतूंना वर्गातल्या पोरांसारखं रागवायचे, "खा की लेको! बसलाय काय नुसते!" पारावरची माणसं विचारायची, "मास्तर, आज जंतूंनी भाकऱ्या किती हाणल्या?" ते म्हणायचे, "तुमच्यापेक्षा कमी, आणि काम जास्त." गावाने त्यांना विरजणमास्तर नाव ठेवलं. त्यांना ते आवडायचं.

पावसाळा सरताना मातीचा उग्र वास उतरला. एका कोपऱ्यात हरळीचं पातं आलं. मास्तर त्याच्यापुढे उकिडवे बसले ते लवकर उठेनात. म्हणाले, "बाई, लागलं विरजण."

त्याच आठवड्यात वस्तीत हगवण लागली. सरकारी माणूस येऊन विहिरीत पावडर टाकून गेला. हे जंतूंचं काम, या पावडरीने जंतू मरतात, असं सांगून गेला. जंतू पाळणारा माणूस तर साऱ्या गावाला ठाऊक होता. दिराचं पोर गेलं, आणि त्याला मूठमाती देऊन लोक घरी गेलेच नाहीत. सरकारी माणसाने मागे ठेवलेलं पावडरीचं पोतं घेऊन थेट माझ्या रानात आले आणि पांढरं उधळत सुटले. मास्तर ओरडत होते, "हगवणीचे जंतू वेगळे! पाणी उकळून प्या, पाणी!" कोण ऐकतो? मग त्यांनी पांढरं न पडलेल्या जागची माती पाटीत भरली, आणि दांडा बसला.

मी कुदळ उचलली आणि उलट्या बाजूने दिराच्या गुडघ्यावर घातली. हाड मोडलं, तो आडवा झाला. कुणीतरी माझं डोकं फोडलं. डोळ्यांत रक्त उतरलं, तरी मी कुदळ फिरवत राहिले. मग लोक पांगले. दिराच्या पायाचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्याचं पोर माझ्या मांडीवर खेळायचं, त्याचं वाटलं.

दोघांनाही उसाच्या एकाच ट्रॉलीत शेजारी शेजारी घालून साताऱ्याला नेलं. दुसरी गाडी नव्हती. दीर शिव्या देत होता. मास्तरांना बोलता येत नव्हतं. पाटी मी त्यांच्याजवळ ठेवली होती. त्यांनी चिमूटभर माती उचलून नाकाशी नेली. नाकात रक्त साकळलं होतं, वास काय येणार? तरी हुंगली.

पाटीतली माती मी दह्याच्या मडक्यात ठेवली आणि शेणपाणी घालून जगवली. वळवाच्या पावसाने पावडर धुऊन नेली तसं पुन्हा विरजण लावलं. दीर काठी टेकत बांधावर यायचा आणि बघून जायचा. एक दिवस म्हणाला, "वैनी, सर वाईच बाजूला." मी कुदळ त्याच्या हातात दिली. उभं राहवत नव्हतं, तर बसून माती वळवू लागला.

रान पुढे पिकलं. त्या दिवशीच्या मारातून मी वाचले, दीर वाचला. मास्तर वाचले नाहीत.