युसूफभाई लिफ्टमध्ये उभा आहे

सलाम मंडळी. आज जुम्म्याच्या नमाजनंतर खोलीवर येऊन मोबाईलवरचा तो मजल्यावर मजले चढवायचा फुकटातला खेळ खेळत बसलो होतो. त्यातल्या चिमुकल्या माणसांना आपण नावं देऊ शकतो. एकाला मी आमच्या युसूफभाईचं दिलंय. इथे सौदीत, राबिघला कामावर परांचीवरून पडला आणि गेला बिचारा.

आज तोच खेळातल्या लिफ्टमध्ये शिरला आणि सगळ्यात वरचा मजला मागू लागला. माझं बोटच पुढे होईना.

खोलीतला सलीम हसला, "चाचा, किती ताटकळवताय त्याला? न्या की वर!"

"राहू दे रे त्याला जमिनीवर," मी म्हणालो.

आता सूर्य बुडायला आला, मगरीबच्या नमाजची वेळ होत आली. युसूफभाई अजून तसाच उभा आहे. तुम्ही नेलं असतं का हो त्याला?