मूठभर मेथी

मी शेजाऱ्याला मेथी चारून दवाखान्यात पोचवलं. रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं आणि आमच्या पुरानी बस्तीत जो तो सल्लागार झाला होता. मी त्यांत सगळ्यांच्या पुढे.

हे शेजारी रेल्वेतले बाबू, मूळचे गोंदियाकडचे. तुमचं वाक्य संपायच्या आत त्यांचं होकाराचं "हव, हव" सुरू. शुगर असूनही कुणी पेढा पुढे केला की दोन्ही हात पसरायचे, कारण देणाऱ्याला वाईट वाटू नये. त्यांच्या शुगरच्या गोळ्या चालू आहेत हे मला ठाऊक होतं. तरी मी म्हणालो, "मेथी तर घरचीच, तिले काय भ्यायचं? मूठभर दाणे रात्री भिजवा, सकाळी पाण्यासकट घ्या."

"हव, भैया."

आठ दिवसांनी ते घामाने निथळत, थरथरत ओट्यावर कोसळले. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, शुगर फार उतरली आहे. "गोली के अलावा क्या ले रहे थे?"

मी बाजूलाच उभा होतो. माझ्याकडे न बघता बाबू पुटपुटले, "कुछ नहीं, साहब."

मला वाचवायला ते खोटं बोलले, आणि मी ते दोन मिनिटं चालू दिलं. ती दोन मिनिटं अजून टोचतात. मग कबूल केलं. डॉक्टरांनी झापलं: भाजीत मेथी खुशाल खा, पण गोळ्यांच्या जोडीला रोज मूठभर दाणे, तेही न विचारता?

बाहेर मी बाबूंच्या बायकोची, वहिनींची माफी मागितली.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "यायले नाही म्हणता येत नाही, अन् तुमाले गप बसता येत नाही. तुमच्या दोघाइच्या मधात माहं कुंकू जात होतं."