ओला रुमाल

सिडकोतल्या आमच्या गल्लीतले माळीकाका चपला काढूनच आळ्यात पाय टाकतात. प्रत्येक झाडाला ते ‘गडी’ म्हणतात.

नळाला आठवड्यानं पाणी येतं, म्हणून ओल टिकावी या हिशेबानं मी सीताफळाच्या बुंध्याशी गुडघाभर पालापाचोळा दाबून रचला होता. परवा काकांनी न विचारता तो उपसला. खाली साल कुजून लोंबत होती. मी हादरलोच.

“पाला खोडापासून वीतभर लांब ठेवायचा असतो, साहेब.”

“पण गारवा मिळतो ना त्याला?”

काकांनी खांद्यावरचा रुमाल बादलीत बुचकळला आणि माझ्या गळ्याला करकचून बांधला. मी घाबरून तो ओढून काढला.

“तुम्हाला हात हायेत,” ते शांतपणे म्हणाले. “ह्या गड्याला नायत.”