फ्राउकेचा उन्हाळी पोशाख

फ्राउके डाइकेमाच्या जिभेला हाड असतं, तर उकडलेले बटाटे खिशात घालून गावोगाव हिंडायची वेळ तिच्यावर आली नसती. पण ते नव्हतंच. देवाने तिला सगळं आडवंतिडवं भरपूर दिलं, नेमकं तेवढंच द्यायचं राहिलं.

फ्राउके म्हणजे आमच्याकडची घरोघरी जाणारी नर्स. समुद्राच्या बांधालगतची चार गावं, सकाळचे अकरा म्हातारे-म्हाताऱ्या, एकूण तेवीस किलोमीटर, आणि हे सगळं सायकलवर, गेली सत्तावीस वर्षं. कुणाच्या सुजऱ्या पायांत दाबाचे घट्ट मोजे चढवायचे, कुणाला इन्सुलिन टोचायचं, कुणाच्या डोळ्यांत थेंब घालायचे. वय अठ्ठावन्न. आवाज असा की ठार बहिरेही तिच्यासमोर कानातलं यंत्र काढून ठेवतात.

मागच्या हिवाळ्यात बर्फावरून घसरून दोन नर्सांचे हात मोडले, तेव्हा शहरातल्या ऑफिसने मार्चमध्ये सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं की आता प्रत्येकीला छोटी मोटार मिळणार. बाकीच्या जणी खूश. गाडीत हीटर, गाडीत गाणी, आणखी काय पाहिजे? एकटी फ्राउके उठून उभी राहिली.

तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मोटार मोठ्या रस्त्याने जाते, बांधावरून तिला परवानगी नाही. बांधावरून सायकलने जाताना कुणाचे पडदे साडेसातपर्यंत उघडले आणि कुणाचे नाही, हे दिसतं. याच पडद्यांपायी तिने दोन माणसं वेळेवर जमिनीवरून उचलली होती. शिवाय ऑफिसच्या हिशेबाने मोटारीने अकराच्या जागी सोळा घरं व्हायची. म्हणजे मोजे चढवायचे आणि पळायचं, कॉफी नाही, दोन शब्द नाहीत. हे तिने सभेत सांगितलं. एक सांगितलं नाही: त्या तेवीस किलोमीटरात तिच्याकडे कुणी काही मागत नसे. घरी नवरा, दारोदारी पेशंट. मधला वारा तेवढा तिचा एकटीचा. तो गेला असता तर तिला जगणं नकोसं झालं असतं.

नियोजन खात्याची प्रमुख होती मेरेल नावाची तिशीतली मुलगी. हुशार, सभ्य, कधी आवाज न चढवणारी. असल्या माणसांशी भांडताना फार पंचाईत होते. ती म्हणाली, "बरं फ्राउके, जून महिना सायकलवर करून बघू. आजारपणाची रजा पडता कामा नये, आणि साध्या उन्हाळी कपड्यांत फेरी जमायला हवी. जूनमध्येही कोट लागत असेल तर तो रस्ता सायकलचा नाही, एवढं तर तूही मान्य करशील."

इथे माणसाने गप्प बसावं की नाही?

"जूनमध्ये कोट?" फ्राउके म्हणाली. "जूनमध्ये मी उघड्या हातांनी फिरते. ज्या दिवशी मी तुला कोटात दिसेन त्या दिवशी मोटारीची किल्ली तूच आणून दे, मी मुकाट घेईन."

सगळे हसले. आणि इतिवृत्तात लिहिलं गेलं. आमच्याकडे सभेत कुणी शिंकलं तरी इतिवृत्तात येतं, मग हे कसं सुटणार.

आता, जूनमध्ये मेंढरं कातरून झाली की चार-आठ दिवस थंडी पडते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तिला नावच आहे, कातरणीची थंडी. फ्राउकेलाही ते ठाऊक होतं, पण मार्चच्या सभेत आठवलं नाही. जूनचा पहिला आठवडा गुलाबासारखा गेला. दुसऱ्या सोमवारी पहाटे उठून तिने दार उघडलं तर नऊ डिग्री आणि वायव्येचा वारा, सुईसारखा. बांधावरची नुकती भादरलेली मेंढरं एकमेकांच्या पोटात डोकी खुपसून उभी होती.

कोट कपाटात होता. हातमोजेही होते. पण घालायचे कसे? चार गावांत ऑफिसात कामाला असलेले तिघेजण राहतात, आणि बाकीच्यांच्या तोंडाला काही कुलूप नाही. तेव्हा तिने ठरवलं की बाहेरून उन्हाळा, आतून हिवाळा. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आत सगळ्यांत आधी नवऱ्याची लांब लोकरी चड्डी. त्यावर त्याचाच बिनबाह्यांचा स्वेटर. छातीवर आणि पाठीवर कालचा पेपर, घड्या घालून. पावाच्या रिकाम्या पिशव्या मोज्यांवरून पायांत. हातांचं काय, यावर ती पाच मिनिटं अडली, मग तिला पेशंटांचे जुने, कातडीच्या रंगाचे दाबाचे मोजे आठवले. त्यांचे पंजे कापून तिने ते दंडापर्यंत चढवले. लांबून पाहिलं तर उघडे हात, थोडे जास्तच गुळगुळीत. त्यावर निळा अर्ध्या बाह्यांचा युनिफॉर्म. आणि दोन्ही खिशांत एकेक उकडलेला गरम बटाटा, कारण म्हाताऱ्यांच्या अंगाला गार हात लावणं तिला पाप वाटे.

नवरा, राइंट, साखर कारखान्यातून निवृत्त झालेला, स्वयंपाकघरात कॉफी पीत हे सगळं बघत होता.

"यंदा उन्हाळा कडक दिसतोय," तो म्हणाला.

"तू गप बस."

"मी कुठे काय म्हणतोय. माझी चड्डी चाललीय कामावर, मला अभिमान आहे."

सोमवार गेला, मंगळवार गेला. लोक म्हणायला लागले की सिस्टरांची तब्येत सुधारली. बुधवारी टोक्सोपेउस म्हाताऱ्याच्या पायात मोजे चढवायला ती खाली वाकली. हा माणूस पूर्वी मासेमारीच्या बोटीवर होता, नव्वदीचा, डोळे अधू पण कान तिखट.

"सिस्टर," तो म्हणाला, "तुम्ही वाजताय."

"म्हातारपण आलं, हाडं वाजतात."

"हाडं नाही. पेपर आहे. आम्हीपण बोटीवर घालायचो. कुठला घातलाय? आपला असेल तर उद्या मला वाचायला द्या, माझा आज आलाच नाही."

त्याच दुपारी मेरेलचा मेल आला. ती गुरुवारी स्वतः फेरीला येणार होती, सायकलवरून, सगळं डोळ्यांनी बघायला. तिने विचारलं होतं की तिकडे हवा कशी आहे, काही जास्तीचं घालून येऊ का. फ्राउकेने उत्तर लिहिलं: "इकडे उन्हाळा आहे. काही आणू नकोस." आणि वर एक सूर्याचं चित्र टाकलं. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

गुरुवारी सकाळी मेरेल स्टेशनवर भाड्याच्या सायकलपाशी उभी होती. पातळ सुती जाकीट, घोटे उघडे, कापडी बूट. रिमझिम सुरू झाली होती. फ्राउकेला बघून ती जरा बिचकली, कारण फ्राउके अर्ध्या बाह्यांत, लाल गालांनी, मजेत उभी.

"तुला थंडी नाही वाजत?"

"कसली थंडी?"

"नाही, मला वाटलं." मेरेलने जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. "शहरात आपण फार नाजूक होतो बहुतेक."

पहिली चार घरं बरी गेली. घरांत ऊब होती, कॉफी होती. मेरेल वहीत मिनिटं लिहीत होती, म्हाताऱ्यांशी छान बोलत होती. पाचव्या घरानंतर बांध सुरू होतो, साडेतीन किलोमीटर, आडोसा म्हणून एक झुडूपसुद्धा नाही. पहिल्या किलोमीटरात मेरेल बोलत होती. दुसऱ्यात बोलायची थांबली. फ्राउकेने मागे वळून पाहिलं तर पोरीचे ओठ जांभळे, सुती जाकीट भिजून अंगाला चिकटलेलं, आणि सायकल या कडेपासून त्या कडेपर्यंत.

"थांबूया का?"

"नको. मी ठीक आहे. अकरा गुणिले दोन म्हणजे किती?"

सत्तावीस वर्षांत फ्राउकेने पुष्कळ माणसं गारठलेली बघितली होती, आणि गारठलेला माणूस नेहमी म्हणतो, मी ठीक आहे. पुढचं घर दीड किलोमीटरवर होतं. पोहोचली असती पोरगी, कदाचित. तेवढा वेळ दम धरला असता तर गुपित गुपित राहिलं असतं, जून पार पडला असता, सायकल राहिली असती. हे सगळं तिच्या मनात आलं, नाही असं नाही. मग तिने पाहिलं की मेरेलला ब्रेक दाबायला बोटं मिटता येत नाहीत, आणि ही इथे अशी आली ती आपल्या त्या सूर्याच्या चित्रामुळे.

"उतर," ती म्हणाली. "बांधाच्या खाली चल. मेंढरांपाशी."

आडोशाला मेंढरांच्या घोळक्यामागे फ्राउकेने आधी दोन्ही बटाटे मेरेलच्या हातांत दिले. मग कपडे उतरवायला लागली. पेपर निघाले, स्वेटर निघाला, दंडावरचे मोजे निघाले, पावाच्या पिशव्या निघाल्या, आणि शेवटी, मेंढरांकडे पाठ करून, राइंटची लोकरी चड्डी. एकेक वस्तू ती मेरेलच्या अंगावर चढवत गेली, लहान मुलाला चढवावी तशी, आणि तोंडाने बडबड चालू होती, हात वर कर, पाय दे, दुसरा दे. दात वाजायचे थांबले तेव्हा मेरेल म्हणाली, "हे सगळं तू सोमवारपासून घालतेयस?"

"हो."

"म्हणजे तुला थंडी वाजत होती."

"नऊ डिग्री आहे बाई. या मेंढरांनाही वाजतेय, फक्त ती सभेत बोलत नाहीत."

मेरेलने बटाटे गालांना लावले. त्या दिवशी तिने वहीत आणखी काही लिहिलं नाही. उरलेली सहा घरं दोघींनी केली. मेरेल वाजत होती, आणि फ्राउके आता खरोखरच उन्हाळी कपड्यांत होती.

शनिवारी तिला ताप भरला. सोमवारी घसा पूर्ण बसला. असलं दुखणं घेऊन नव्वदीच्या माणसांत जायचं नाही, हा नियम तिनेच नव्या मुलींना शिकवलेला. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिने आजारी आहे म्हणून सांगायला ऑफिसला फोन लावला. उचलला मेरेलने.

"अगं, मी परवाच अहवाल लिहून ठेवलाय," मेरेल म्हणाली. "सायकल ठेवावी, असा. अजून पाठवायचाय. आज तुझं आजारपण नोंदवलं तर तो बाद होतो. मी असं करते, ही तुझी सुट्टी लावते. आठवडाभर. कुणाला कळणार नाही."

राइंट शेजारी उभा राहून मान हलवत होता, हो म्हण, हो म्हण.

फ्राउके त्याच्याकडे पाठ फिरवून फुटक्या आवाजात म्हणाली, "सत्तावीस वर्षं मी म्हाताऱ्यांना दटावतेय, दुखत असेल तर दुखतंय म्हणा, हसून दाखवू नका. आणि आठवडाभर मी काय केलं? लिही, आजारी. मला थंडी वाजली, म्हणून आजारी."

"मग मला मोटार पाठवावी लागेल."

"पाठव."

फोन ठेवला आणि ती उशीत तोंड खुपसून रडली. राइंटने एवढंच विचारलं की चड्डी कधी परत मिळेल.

जुलैत मोटार आली. पांढरी, छोटी, हीटरवाली. सोबत नवी यादी. फ्राउकेने यादी उघडली, सोळा नावं मोजायच्या तयारीने. नावं अकराच होती. तिने दोनदा मोजली. मग तीच यादी हातात धरून ती दारात उभी राहिली आणि पहिल्यांदाच, विचार करून, गप्प बसली.

दुसऱ्या दिवसापासून ती मोटारीत बसून बांधाच्या पायथ्यापर्यंत जाऊ लागली, दीड किलोमीटर. तिथे टोक्सोपेउसच्या गोठ्यात मोटार लावायची, सायकल काढायची, फेरी करायची, परत येऊन मोटारीत बसायचं, घरी. कागदोपत्री ती मोटारीत होती, म्हणजे कोट घालायला मोकळी. अंगावर काय आहे याच्याशी ऑफिसला आता काही देणंघेणं उरलं नाही. डिसेंबरात ऑफिसचं पत्र आलं: संपूर्ण विभागात सर्वांत कमी इंधन वापरल्याबद्दल अभिनंदन. बक्षीस म्हणून काचेवरचा बर्फ खरवडायची पट्टी.

पुढच्या जूनमध्ये मेंढरं कातरली आणि थंडी परत आली. सकाळी सव्वाआठला, बांधाच्या मध्यावर, फ्राउकेचा फोन वाजला. तिने सायकल थांबवली. जाड कोट, लोकरी टोपी, एका हातातला मोजा दातांनी ओढून काढला.

"मी वर्षाचे आकडे बघतेय," मेरेल म्हणाली. "तुझी गाडी दिवसाला तीन किलोमीटर चालते. फेरी तेवीसची आहे."

"गाडी चांगली आहे."

वारा फोनमध्ये घोंघावत होता. बाजूला एक मेंढरू ओरडलं. मेरेलला ते ऐकू गेलं नसेल असं म्हणायला जागा नव्हती.

"हीटर चालतो ना नीट?" तिने विचारलं.

"चालतो."

"मग इथे लिहिते, कर्मचारी गाडीबद्दल समाधानी. आणि फ्राउके, पुढच्या आठवड्यात मी येतेय, तपासणीला. काय घालून येऊ?"

"सगळं," फ्राउके म्हणाली.