पेट्रोलचा कॉक कोण बंद करतं?

आधीच सांगून टाकते, म्हणजे खाली कमेंटमध्ये वाद नको. भूतखेत, करणी, नजर — यातलं मी काहीही मानत नाही. मी सायन्स शिकवते. आमच्या घरात रोज बुद्धवंदना होते आणि लिंबू-मिरची फक्त स्वयंपाकात लागते. हे लिहितेय ते कोणाला घाबरवायला नाही, तर वैतागून. गेल्या वर्षभरात ज्याला ज्याला हे सांगितलं त्याने एकतर मला वेड्यात काढलं, नाहीतर एखादा बाबा सुचवला. इथे तरी कोणीतरी नीट ऐकून घेईल असं वाटतं.

मी बेल्यात राहते, आदिलाबाद जिल्ह्यात. घरात आई आणि मी. शाळा नऊ किलोमीटरवर, पैनगंगेच्या बाजूच्या गावात. मराठी माध्यमाची. नोकरी कराराची. दर एप्रिलला करार वाढतो किंवा वाढत नाही. सकाळी सव्वानऊच्या आत मोबाईलला चेहरा दाखवून हजेरी लावायची. वर्षात तीनदा उशीर झाला की लेखी खुलासा द्यायचा, आणि तो हेडमास्तरांच्या शेऱ्यासकट वर जातो. मागच्या वर्षी आमच्यातल्या एका मॅडमचा करार असाच गेला. त्यामुळे सव्वानऊ म्हणजे माझ्यासाठी सव्वानऊच.

बसचा भरवसा नाही. आधी माझ्याकडे स्कूटी होती, पण आमची काळी माती ज्याने पावसात पाहिली नाही त्याला ते दुःख कळणार नाही. चाक आणि मडगार्डच्या मधे माती अशी भरते की चाक फिरतच नाही. मग काडी घेऊन रस्त्यात बसायचं आणि कोरायचं... साडी सांभाळत. दोन पावसाळे असे काढल्यावर ठरवलं, गिअरची गाडी घ्यायची. जुनी, स्वस्त, बारीक आणि उंच चाकांची, किक असलेली, आणि कुठल्याही खेड्यात दुरुस्त होईल अशी. एवढंच मागणं होतं माझं.

तर गावातल्या प्रत्येकाने सल्ला दिला. बाईने गिअरची गाडी चालवावी की नाही यावर जेवढी चर्चा झाली, तेवढी आमच्या शाळेच्या गळक्या छपरावर कधी झाली नाही. इचोड्याला जुन्या गाड्यांच्या एका दुकानात गेले, तर मालक म्हणाला, “मॅडम, जो चलाएगा उसको साथ लाओ.” मी म्हटलं, आणलंय ना, मीच आहे. त्याने मला चहा पाजला, पण गाडीची चावी काही दिली नाही.

शेवटी बेल्यातल्याच शफीभाई मेकॅनिकच्या गॅरेजमध्ये एक काळी शंभर सीसीची दिसली. टाकीला पोचा, मागे दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन अडकवायला वेल्डिंग केलेले हुक. शफीभाई म्हणाले, “सूरत मत देखो मॅडम, आवाज सुनो.” आवाज खरंच छान होता. आरसीवर आदिलाबादच्या कुणाचं तरी नाव होतं. आमच्याकडे गाडी चार हात फिरते आणि कागद पहिल्याच्याच नावावर राहतो, तेव्हा त्यावरून काही कळत नाही. आधी कोणाकडे होती विचारलं, तर शफीभाई “थे एक दूधवाले” एवढंच बोलले. मीही खोदून विचारलं नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्याच दिवशी, सहा किलोमीटरवर वाटेतल्या एका वस्तीत, रस्त्याला लागून असलेल्या पत्र्याच्या घरासमोर गाडी खोकली आणि बंद पडली. किक मारून पाय दुखला. शफीभाईंना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, “कॉक देखो.” पाहिलं, तर टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद. चालू केला, गाडी सुरू झाली, शाळेत पोचले नऊ वाजून वीस मिनिटांनी. पहिला उशीर. दुसऱ्या दिवशी तीच जागा, तोच प्रकार. दुसरा उशीर! माझ्या खात्यावर आता एकच शिल्लक, आणि शाळा सुरू होऊन दोन दिवस.

ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. कॉक बंद केला की गाडी लगेच थांबत नाही. कार्बोरेटरमध्ये उरलेल्या घोटभर पेट्रोलवर ती अजून किलोमीटरभर जाते. म्हणजे कोणीतरी तो कॉक एक किलोमीटर मागे, चालत्या गाडीवर बंद करत होतं. गाडीवर मी एकटी. कॉक डाव्या गुडघ्याजवळ, आणि इतका घट्ट की मला दोन बोटांनी जोर लावावा लागतो.

शफीभाईंचं मत ठाम होतं. “आप बंद करके भूल जाते मॅडम.” हे त्यांनी मला चार वेळा सांगितलं, चारही वेळा हसून. त्यांनी कॉक बदलला. नव्यानेही तेच केलं. मी बाइंडिंगची तार घेतली आणि कॉक चालू ठेवून पक्का बांधला. गाडी त्याच घरासमोर बंद पडली. खाली वाकून पाहिलं तर तार तशीच पिळलेली, गाठ माझीच... आणि कॉक आडवा. बंद. तारेने आता तो बंद असा घट्ट बांधून ठेवला होता.

त्या दिवशी मला भीती वाटायला हवी होती. मला राग आला. मी गाडीला लाथ मारली, खरंच मारली. रोज अर्धा तास लवकर निघायचं, रोज तिथे उतरायचं, आणि येता-जाता बैलगाडीवाल्यांनी “मॅडमची गाडी पुन्हा पडली” म्हणायचं. गंमत म्हणजे परत येताना ती कधीच बंद पडायची नाही. सकाळी लवकर निघा, उशिरा निघा, शाळेकडे जाताना मात्र ते घर चुकायचं नाही.

आठवड्याभराने त्या घरातून एक बाई बाहेर आल्या. साठीच्या असतील. यमुनाबाई.

“काऊन व मॅडम, आमच्याच दारात रोज काऊन पडते तुमची गाडी?”

“तेच मला कळत नाही, काकू.”

त्या गाडीकडे बघत राहिल्या. हुकांवरून हात फिरवला. मग हळूच म्हणाल्या, “आमची होय ही. शफीले म्या सांगतलं होतं, कोनाले नाव सांगू नको म्हून.”

नवरा नामदेव, पहाटे बेल्याला दूध घालून सकाळी घरी यायचा. आठ महिन्यांपूर्वी लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. गाडी विकली हे त्यांना सांगितलं नव्हतं. “दुरुस्तीले टाकली म्हनलं. इकली म्हनलं असतं तं जीव सोडला असता त्याहीनं.”

मी विचारलं, काका घरी येताना पेट्रोलचा कॉक बंद करायचे का?

“तुमाले कसं मालूम? तिकडं पुलाजवळूनच बंद करे. उरल्या पेट्रोलवर घरापर्यंत येते म्हने, वाया काऊन घालवा. बराबर फाटकापाशी थांबे गाडी. एक हातसुद्धा इकडं तिकडं नाई.”

आत गेले. काका खाटेवर, डोळे छताला. डावा हात चांगला होता, पण त्या हाताने ते काहीच करत नव्हते. डॉक्टर म्हणे, हात ठीक आहे, यांची इच्छाच नाही. भरवावं लागायचं. “पन रोज सकाऊन,” यमुनाबाई म्हणाल्या, “तो हात असा करते.” आणि त्यांनी चिमूट धरून मनगट वळवून दाखवलं.

मी सायन्सवाली. म्हटलं, तपासून बघू. रविवारी शफीभाईंना विनंती केली की बेल्यातून गाडी घेऊन शाळेकडे या, कधी निघणार ते मला सांगू नका. मी बसने आधी जाऊन काकांच्या खाटेपाशी बसले. एक तास काही नाही. पाऊण तास अजून काही नाही. कंटाळून उठणार, तेवढ्यात तो हात चादरीवरून उचलला गेला. दोन बोटं आणि अंगठा जुळले, मनगट वळलं, आणि हात परत खाली. बाहेर फक्त कोंबड्यांचा आवाज. मी मोबाईलवर वेळ बघत बसले. मिनिटभर गेलं असेल, मग लांबून गाडी ऐकू आली, जवळ आली, खोकली... आणि फाटकापाशी थांबली.

बाहेर शफीभाई ओरडत होते, “मॅडम, कसम से, मैंने हाथ भी नहीं लगाया!”

मला त्याही क्षणी पहिल्यांदा वाटलं ते हेच की आता तरी हा माणूस मला विसराळू म्हणणार नाही.

पण करार माझा होता, त्यांचा नाही. म्हणून मी शफीभाईंकडून कॉक काढूनच टाकला आणि टाकीतून सरळ नळी जोडली. आता बंद करायला काही उरलंच नाही. गाडी झोकात त्या घरासमोरून गेली. तीन दिवस मी सव्वानऊच्या वीस मिनिटं आधी शाळेत. चौथ्या दिवशी यमुनाबाई रस्त्यात दोन्ही हात पसरून उभ्या.

“काय केलं व तुमी? तीन दिवस झाले, जेवून नाई राह्यले. दिवसभर हात फिरवते, चादरीवर घासून कातडं सोलून निंगलं. गाडी येते अन् थांबत नाई, ऐकू येते ना त्याहीले!”

मी चिडले. म्हणाले, काकू, माझी नोकरी आहे, मी काय करू? त्यांनी मला दंडाला धरलं. आत नेऊन काकांचा हात दाखवला. बोटांना चिंधी गुंडाळलेली होती, आणि चिंधीसकट तो हात फिरत होता.

संध्याकाळी कॉक परत बसवला. शफीभाईंनी मजुरी घेतली नाही, हसलेही नाहीत. मी आठला निघायला लागले. रोज फाटकापाशी गाडी बंद पडायची, मी आत डोकावायची, काका डोळे मिटून शांत पडलेले असायचे. मग कॉक उघडून पुढे. पावसाळा गेला, कापूस निघाला, थंडी गेली. वैताग कमी झाला असं नाही, त्याची सवय झाली.

फेब्रुवारीत एक दिवस आईचा ताप बघून निघायला उशीर झाला. घाईत होते. शाळेच्या वळणावर आले आणि एकदम लक्षात आलं — गाडी थांबलीच नाही. नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती. शाळा समोर दिसत होती. माझा शेवटचा उशीर शिल्लक होता, आणि एप्रिल दोन महिन्यांवर.

मी गाडी वळवली. पूर्ण वाटेत मनाशी एकच, की आता त्या घरासमोर माणसं जमलेली दिसणार.

माणसं नव्हती. फाटक उघडं होतं. आत काका भिंतीला टेकून बसले होते, मांडीवर ताट. डाव्या हाताने भाकरीचा तुकडा मोडून दुधात बुडवून स्वतः खात होते. यमुनाबाई समोर बसून रडत होत्या आणि हसतही होत्या. काकांनी माझ्याकडे पाहिलं. ही कोण बाई आली, असं. मग पुढचा तुकडा मोडला. त्या हाताला आता दुसरं काम मिळालं होतं. मी तिथेच उंबऱ्यावर बसले आणि मला रडू आवरलं नाही.

हजेरी लागली नऊ पस्तीसला.

हेडमास्तर सरांनी कागद पुढे केला. मी लिहिलं, “रोज बंद पडणारी गाडी आज बंद पडली नाही, म्हणून उशीर झाला.” त्यांनी दोनदा वाचलं.

“मॅडम, हे काय लिहून दिलं तुमी?”

मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मधे एकदाही टोकलं नाही. मग माझा कागद घडी घालून खिशात ठेवला आणि नवा कोरा दिला. “खरं असन. पन वर असं पाठवता येत नाई. लिहा, रस्त्यात वाहन नादुरुस्त झाल्याने उशीर झाला.”

घरी तापात पडलेल्या आईचा विचार करून मी ते लिहिलं आणि सही केली. एप्रिलमध्ये करार वाढला.

त्या दिवसापासून गाडी एकदाही बंद पडलेली नाही. काका आता काठी धरून फाटकापर्यंत येतात. कॉक कोण बंद करत होतं, कसं, आणि मग का थांबवलं, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर द्या, फक्त बाबा सुचवू नका. इतक्या वर्षांत मी एकच खोटं निरीक्षण लिहून दिलंय, आणि तेवढंच मंजूर झालं.