बाजारात कोसळणारा तरुण

घाटकोपरच्या बाजारातली ती पाकीटमारी आठवली की मला आजही आधी घाम फुटतो, मग हसू येतं. सत्तरच्या दशकाची सुरुवात. मी नवाकोरा फौजदार. मिशी आणि अक्कल, दोन्ही अजून यायच्या होत्या. त्यातलं मिशीचं तेवढं मला ठाऊक होतं.

बाजारात एक तरुण अधूनमधून कोसळायचा. लोक गोळा व्हायचे, कुणी कांदा हुंगवायचं, कुणी चप्पल. थोड्या वेळाने तो उठून बसायचा, पण तोवर गर्दीतल्या दोघातिघांचे खिसे साफ झालेले असायचे. तक्रारी वाढल्या, वरिष्ठ गुरगुरू लागले. तेवढ्यात माझ्या खास खबऱ्याने टीप आणली.

"साहेब, टेलरकडे काज-बटणं करतो ना, तो बहिरा, तोच! बहिरा कसला, एक नंबर नाटकी आहे. मागून खांद्यावर हात टाका, लगेच पडून दाखवतो बघा."

मी खूश होऊन त्याला चहा पाजला.

तरुणाला चौकशीसाठी आणलं, स्टेशन डायरीत नोंद केली. झडतीत निघालं दोऱ्याचं रीळ. काही विचारलं की तो कानाकडे बोट दाखवायचा. सोंग उघडं पाडायचंच, म्हणून मी हवालदाराला त्याच्या पाठीमागे परात बडवायला लावली. तक्रार द्यायला आलेली बाई किंचाळली, कारकुनाने शाई सांडली. हा पठ्ठ्या भिंतीवरची पाल बघत बसला.

"साहेब, खरंच बहिरा असेल हो," हवालदार म्हणाला.

"अहो, कसलेला आहे तो!"

मग मी टिपेप्रमाणे हलक्या पावलांनी मागून गेलो आणि त्याच्या खांद्यावर थाप मारली. तो दचकून वळला, माझी टोपी पाहिली आणि बाकावरून खाली कोसळला.

"पाहिलंत? नाटक!" मी म्हणालो.

हवालदाराने मनगट धरलं. त्याचा चेहरा उतरला. "साहेब, नाडी लागत नाय."

पोलीस ठाण्यात माणूस मेला, तोही माझ्या थापेने! मी त्याच्या तोंडावर पाणी मारलं, ज्यांना कधी नारळ दिला नव्हता अशा देवांचीही नावं घेतली. त्याने डोळे उघडले तेव्हा मी आनंदाने मिठीच मारणार होतो, पण हवालदार ओरडला, "साहेब, आता तरी हात लावू नका त्याला!"

इस्पितळात त्याची आई धावत आली. बाई कोकणातली. "सायबानू, माझो झील नाटक करणा नाय. ह्याची भैण पण जन्माची बहिरी. कुत्रो अंगावर इलो, घाबारली, पडली ती उठलीच नाय."

डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला आणि तिला विचारलं, "नवरा नात्यातला?"

"माझ्या आतयेचो झील." म्हणजे आतेभाऊच.

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "फार दुर्मीळ आजार आहे, रक्तातून आलेला. आईबाप धडधाकट, पण दोष दोघांकडून मुलात उतरलाय. जन्मतः बहिरेपण, आणि दचकला की हृदयाची लय बिघडते, शुद्ध जाते. दर वेळी परत येईलच असं नाही. गोळ्या देतो. आज याला दचकवलं कोणी?"

मी छताकडे पाहिलं.

परतताना मात्र डोकं चाललं. हा दचकल्याशिवाय पडत नाही. मग बाजारात त्याला दचकवतं कोण? आणि मागून हात टाकला की तो पडतो, हे माझ्या खबऱ्याला कसं कळलं?

खबऱ्याला बोलावलं. तो चहाच्या आशेने हसत बसला.

"त्याच्या खांद्यावर तू किती वेळा हात टाकलास रे?"

"दोन-तीनदाच, साहेब," तो बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

त्याच्या खोलीत पंचांसमक्ष रिकामी पाकिटं निघाली. हा मागून दचकवायचा, साथीदार गर्दीत हात चालवायचा. दुकानदारांना या दोघांचा संशय येऊ लागला तेव्हा हा बळीचा बकरा घेऊन माझ्याकडे आला, आणि वर माझाच चहा प्याला.

त्या दिवसापासून टीप कितीही खमंग असो, 'हे याला कसं माहीत?' हा प्रश्न मी आधी विचारू लागलो. आणि गप्प बसणाऱ्या माणसाला लबाड ठरवण्याआधी डॉक्टरांना दाखवू लागलो.

गोळ्या लागू पडल्या. तो तरुण पुन्हा बाजारात कोसळल्याचं ऐकलं नाही. आमचे गणवेश शिवून झाले की तोच पोचवायला यायचा. तो दिसला की मी लांबूनच दोन्ही हात हलवत, विमान उतरवून घेतल्यासारखा, थेट त्याच्या समोर जायचो. सगळं ठाणं हसायचं. तोही पोट धरून हसायचा, आणि माझा जीव दर वेळी नव्याने भांड्यात पडायचा.