उस्ता कंबर यांचा मिटलेला वस्तरा

इराणमधील कारून नदीच्या काठी, खजुरीच्या बागेमागे, बटालियनच्या स्वयंपाकघराला लागून एक तंबू होता. त्याच्या दारावर पुठ्ठ्याची पाटी टांगलेली होती. पाटीवर कोळशाने, एकेक अक्षर जपून बसवून, चार ओळी लिहिलेल्या होत्या : केस कापले जातील. दाढी कातरली जाईल. वस्तरा लावला जाणार नाही. मोबदला : एक सलवात.

ज्याचे केस कापून होत, त्याने खुर्चीवरून उठताना पैगंबरांच्या आणि त्यांच्या घराण्याच्या नावाने मोठ्याने एक सलवात म्हणावी, म्हणजे मोबदला चुकता होई. आघाडीवर चहा, सरबत, बुटांची शिलाई, सर्व काही याच भावाने मिळत असे. पाटी न्हावी उस्ता कंबरअली यांनी स्वतः लिहिली होती. मशिदीतील प्रौढांच्या वर्गात त्रेपन्नाव्या वर्षी ते अक्षरे शिकले होते आणि शिकलेले वापरल्याशिवाय ठेवणे त्यांना अन्नाची नासाडी केल्यासारखे वाटत असे.

त्या तिसऱ्या ओळीमागे बावीस वर्षांची हकीकत होती. उस्तांचे दुकान बुरुजर्द गावात, बाजाराच्या तोंडाशी. शहाच्या काळात समोरच नोंदणी कचेरी होती आणि तेथील कारकून रोज सकाळी गाल गुळगुळीत करून घेण्यासाठी उस्तांकडे येत. धंदा चांगला होता. घर मात्र रिकामे होते. पत्नी तूबाखानम यांची दोन मुले जन्मल्यापासून चाळीस दिवसांच्या आत गेली. तेव्हा उस्ता मशहदला गेले, इमामांच्या दर्ग्याची जाळी दोन्ही हातांनी धरली आणि नवस बोलले, ‘एक मूल जगू दे. पुरुषाच्या दाढीला मी पुन्हा वस्तरा लावणार नाही.’ दाढी सफाचट करणे धर्माला मान्य नाही हे ते प्रवचनांत ऐकून होते. तेव्हा आपल्याजवळ देण्यासारखे हेच आहे, असे त्यांना वाटले. पुढच्या वर्षी मीसम जन्मला आणि जगला. कारकून पलीकडच्या दुकानात गेले. तूबाखानम यांनी कापडी जोड्यांचे वरचे भाग विणून घर चालवले. पुढे क्रांती झाली, त्याच कारकुनांनी दाढ्या वाढवल्या आणि कातरून घेण्यासाठी ते परत आले. ‘उस्तांना आधीच कळलं होतं,’ असे लोक म्हणत. उस्तांना काहीही कळलेले नव्हते. त्यांना केवळ मुलगा हवा होता.

इराकशी चाललेल्या युद्धाच्या सातव्या वर्षी मीसम एकवीस वर्षांचा होता आणि याच बटालियनच्या पुढच्या तुकडीत होता. त्याच्यामागोमाग उस्ताही कातर, मशीन आणि वस्तरा घेऊन आले होते. वस्तरा फक्त मानेवरच्या केसांसाठी उघडत असे.

बहमन महिन्यात, ऐन थंडीत, लाकडी पेट्या आल्या. पलीकडची इराकी फौज विषारी वायू सोडत असे, हे सर्वांना ठाऊक होते. त्या वायूला लसणासारखा वास येतो म्हणून स्वयंपाकघरात लसूण बंद झाला होता आणि या गोष्टीचे दुःख आचारी मश् बराती याला शत्रूच्या तोफांपेक्षा अधिक होते. पेट्यांत रबरी मास्क होते. प्रत्येकाबरोबर कुणालाही न वाचता येणाऱ्या भाषेतील एक कागद होता आणि त्यावर मास्क चढवणाऱ्या माणसाचे चित्र होते.

“उस्ता, हा गडी बघ,” बराती कागद नाचवत म्हणाला. “कसा सोललेल्या अंड्यासारखा आहे! याच्या देशाच्या नावानं दर शुक्रवारी मुर्दाबाद ओरडतो आपण, आणि तोंडाला रबर मात्र याचंच.”

“ओरडायला तोंड आपलं, झाकायला रबर त्यांचं,” उस्ता म्हणाले. परंतु त्यांची नजर चित्रातील माणसाच्या जबड्यावर खिळली होती. त्यांनी मास्क उचलला, त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि त्यांच्या लक्षात आले की ती कड नेमकी तेथेच बसते, जेथे मुसलमान माणसाची दाढी उगवते.

दुसऱ्या दिवशी हुकूम आला. हल्ला जवळ आला आहे. मास्कची कड घट्ट बसावी म्हणून चार दिवसांत प्रत्येकाने दाढी काढावी. हुकूम ऐकून जे शत्रूला भीत नव्हते ते तंबूंत दडून बसले. एक जण म्हणाला, “शहीद होऊन इमामांसमोर उभा राहीन, तो काय असा सोललेल्या कोंबडीसारखा?” काहींनी दाढीला व्हॅसलीन थापले आणि कड आता बसते असे एकमेकांना सांगितले. काहींनी ट्रकच्या आरशात पाहून स्वतःच हात चालवला आणि गाल रक्ताळून घेतले.

बटालियनचे मुल्ला, हाजआगा सदरा, उस्तांच्या तंबूत आले. कुमच्या मदरशात शिकलेला हा अठ्ठावीस वर्षांचा तरुण होता.

“उस्ता, इथे न्हावी तुम्ही एकटेच,” ते म्हणाले. “माझी दाढी पहिली काढा, मग पोरं येतील.”

“हाजआगा, पाटी वाचा.”

“वाचली. नवसाचंही बरातींनी सांगितलं. नवस चांगल्या गोष्टीचा असतो, उस्ता. तो पाळण्यानं जीव जाणार असेल, तर तो नवसच उरत नाही. तुम्हाला मोडावा लागत नाही, तो आपोआप सुटतो.”

“म्हणजे कालचं हराम ते आज हलाल?”

“त्याहून पुढं. आज वाजिब. करायलाच हवं. शरीर ही आपल्याकडे ठेवलेली ठेव आहे.”

उस्ता बराच वेळ कंगव्याचे दात साफ करीत राहिले. उत्तर त्यांना पटले नाही असे नव्हते. परंतु एक उत्तर मिळाले की त्यामागून दुसरा प्रश्न डोके वर काढी, हा त्यांचा जुना स्वभाव होता.

“मग एक सांगा. जीव वाचवायचा म्हणून वस्तऱ्याचं दार उघडतं. ते आपल्यावर विष टाकतात. आपणही टाकलं तर कदाचित ते थांबतील, आपली पोरं वाचतील. ते दार का नाही उघडत?”

शेजारच्या स्वयंपाकघरात ढवळणारा डाव थांबला. बरातीचा पुतण्या तेहरानच्या इस्पितळात डोळ्यांना पट्ट्या बांधून पडलेला होता.

“विष वारा बघून जातं, माणूस बघून नाही,” हाजआगा सावकाश म्हणाले. “शत्रूच्या गावातसुद्धा विष टाकू नका, असं पैगंबरांनी सांगितल्याचं आम्ही शिकलो. वस्तरा तुमच्या स्वतःच्या गालावर चालतो, उस्ता. विष दुसऱ्याच्या लेकराच्या श्वासात शिरतं.”

बराती डाव हातात घेऊनच दारात आला. “ते विष टाकतात, आपण दाढ्या करतो! असलं युद्ध पाहिलंय कुणी? माझ्या भावाला मी काय सांगू, आगा? तुझ्या पोराचे डोळे गेले, पण आम्ही गाल स्वच्छ ठेवलेत?”

हाजआगांचा चेहरा उतरला. “कुममध्येही सगळे एका मताचे नाहीत, मश् बराती. प्रश्न विचारले जातायत. आज तरी तसा हुकूम नाही, एवढंच मला माहीत आहे.”

संध्याकाळच्या नमाजापूर्वी मीसम आला. त्याची दाढी काळी, दाट होती. उस्तांनीच ती प्रत्येक महिन्यात कातरून आकारात ठेवली होती.

“बाबा, तुकडीतले म्हणतायत, उस्ताच्या मुलानं काढली तर आम्ही काढू,” तो म्हणाला. “मी नाही म्हणालो.”

“का?”

“तुम्ही विचारता? माझा जीव ज्याच्या बदल्यात मागितला, तेच मोडायचं? मग मास्क लावून तरी काय उपयोग?”

उस्तांनाही नेमकी हीच भीती वाटत होती. वस्तरा उघडला तर मशहदला झालेला सौदा तुटेल आणि दिलेला मुलगा परत मागितला जाईल. उघडला नाही तर वायू कडेखालून आत जाईल. हाजआगांचे उत्तर ग्रंथातील होते आणि ते खरेही असेल. परंतु उस्तांनी आयुष्यभर कातरीची धार अंगठ्याने पाहिली होती, दुकानदाराच्या शब्दावर घेतली नव्हती.

सकाळी त्यांनी बरातीकडून निखाऱ्यांची शेगडी आणि दृष्ट काढताना जाळतात ते मूठभर इस्पंदाचे दाणे मागून घेतले.

“कुणाची दृष्ट काढतोस?” बरातीने विचारले.

“रबराची.”

त्यांनी रिकाम्या लहान तंबूत शेगडी ठेवली, दाणे टाकले, मास्क चढवला आणि पडदा लावून घेतला. दाणे तडतडले. पाच श्वासांत तो ओळखीचा कडवट वास नाकात शिरला आणि ते खोकत बाहेर आले. मग त्यांनी दाढीला व्हॅसलीन चोपडले. दहा श्वास. मग बाहेर बसून सर्वांत बारीक मशीनने दाढी खुरटी केली आणि पुन्हा आत गेले. या वेळी चाळिसापर्यंत मोजून झाले आणि त्यांना वाटले, झाले, वस्तऱ्याची गरजच नाही. एक्केचाळिसाव्या श्वासाला वास आला.

एव्हाना बाहेर माणसे जमली होती. मागे, पाण्याच्या टाकीला टेकून, मीसम उभा होता.

उस्तांनी बरातीच्या हातात आरसा दिला, चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा परजला, गालांना फेस लावला. वस्तरा गालापाशी नेऊन त्यांनी दोनदा मागे घेतला. ग्राहकाच्या गालापाशी तो कधी अडला नव्हता.

“नवस पुरुषाच्या दाढीचा होता ना?” बराती हळूच म्हणाला. “मग तू कशाला घाबरतोस? तू पुरुष आहेस हे कोण म्हणालं?”

“तूबाला विचार.”

लोक हसले, उस्ताही हसले. उस्तांनी मशहदच्या दिशेला मान वळवली आणि ते ओठांतल्या ओठांत म्हणाले, ‘हे इमाम, मी पाठ फिरवत नाही. विचारतो आहे फक्त.’ मग त्यांनी कानापासून सुरुवात केली.

चौथ्या वेळी ते आत गेले तेव्हा बरातीने इस्पंदाची अख्खी पुडी शेगडीत रिकामी केली. पडद्याच्या शिलाईतून धूर बाहेर येऊ लागला. बाहेरच्यांना ठसका लागला. आत उस्ता शंभरापर्यंत मोजत गेले, दोनशेंपर्यंत गेले. त्यापुढचे आकडे ते चुकवत होते, परंतु नाकात रबराच्या वासाखेरीज काहीही नव्हते. दाणे जळून राख झाले तेव्हा ते बाहेर आले आणि त्यांनी मास्क काढला.

मीसम पुढे आला होता. बापाचा उघडा चेहरा तो जन्मात प्रथमच पाहत होता.

“बाबा, तुमच्या हनुवटीला खळी आहे.”

“तुलाही आहे. जन्मलास तेव्हा तुझ्या आईनं आधी तीच पाहिली.”

“भीती नाही वाटली?”

“वाटली. अजूनही वाटतेच आहे.”

“मग?”

“धूर आत आला नाही, मीसम. एवढंच मला ठाऊक आहे.”

मीसमने बापाच्या गालाकडे, मग हातातील मास्कच्या कडेकडे पाहिले. त्याने टोपी काढून बरातीच्या हातात दिली आणि तो खुर्चीवर बसला. उस्तांनी त्याच्या मानेभोवती कापड बांधले, फेस लावला आणि ज्या दाढीला बावीस वर्षांचा शब्द बांधलेला होता तिच्यावर वस्तरा टेकवला. जबड्याच्या वळणाशी, जेथे रबर दुमडते, तेथे त्यांनी दोनदा हात फिरवला. उठताना मीसमने इतक्या मोठ्याने सलवात म्हटली की सर्व माणसांनी ती उचलली. उस्तांनी कापड झटकले आणि ते म्हणाले, “पुढचा.”

पुढचे हाजआगा होते. सूर्य कलेपर्यंत एकशे ऐंशी माणसे झाली. तुरटीचा खडा झिजून नखाएवढा उरला. दारावरच्या पाटीची तिसरी ओळ उस्तांनी ओल्या बाहीने पुसून टाकली.

त्यानंतर रोज सकाळी पोरे खुंट काढवून घेत राहिली. पाचव्या दिवशी, वस्तरा फिरल्यावर, वायू आला. स्वयंपाकघरापर्यंत त्याचा वास पोचला नाही. परंतु रुग्णवाहिका रात्रंदिवस जात राहिल्या. उस्ता प्रत्येक रुग्णवाहिकेशी जात, आत डोकावत आणि माघारी येत. सातव्या दिवशी दुपारी मीसम चालत आला. चिखलाने माखलेला, कोरडा खोकत, परंतु स्वतःच्या पायांनी, उघड्या डोळ्यांनी.

बराती रडू लागला. उस्तांनी मुलाला खुर्चीवर बसवले आणि प्रथम त्याची हनुवटी उजेडाकडे वळवली. गालांवर दोन दिवसांचे खुंट होते. त्यांच्या मधून, कपाळापासून जबड्याखालून पुन्हा कपाळापर्यंत, रबराचा लाल वळ उमटलेला होता. तासन्‌तास मास्क लावून ठेवल्याने तो कातडीत रुतला होता. उस्तांनी त्या वळावरून अंगठा फिरवत पूर्ण फेरी घेतली. तो कोठेही तुटलेला नव्हता.

“काढू का खुंट?” त्यांनी विचारले.

“आता वाढवू दे, बाबा.”

उस्तांनी वस्तरा मिटून पेटीत ठेवला.

हल्ला ओसरल्यावर त्यांनी आयुष्यातील पहिले पत्र लिहिले. ते कुमच्या एका थोर धर्मशास्त्र्यांच्या कचेरीला होते. त्यात दोन प्रश्न होते. पहिला : माझा नवस मोडला का, आणि प्रायश्चित्त म्हणून दहा गरिबांना जेवू घालावे का? दुसरा : जीव वाचवण्यासाठी वस्तऱ्याचे दार उघडते आणि विषाचे बंद राहते, तर ते दुसरे दार कायमचे बंद आहे की आजपुरते? बरातीने पत्र ऐकून घेतले आणि शेवटी आपल्या पुतण्याचे नाव घालायला सांगितले. उस्तांनी ते घातले.

उत्तर येण्यास दोन महिने लागले. मीसमने वाचून दाखवू का असे विचारले. उस्तांनी नको म्हटले आणि बोट ठेवून एकेक शब्द स्वतः वाचला. नवस मोडलेला नाही. प्रायश्चित्ताची आवश्यकता नाही. सोबत प्रकृतीसाठी दुआ होती. कागद त्यांनी उलटून पाहिला. दुसऱ्या प्रश्नाविषयी त्यात काहीच नव्हते.

रजेवर बुरुजर्दला गेल्यावर त्यांनी तरीही दहा गरिबांना जेवू घातले. तूबाखानम यांनी अर्धवट वाढलेल्या दाढीचा नवरा पाहून आधी दार लावून घेतले आणि मग पुन्हा उघडले. जेवणात लसूण होता. पाने उचलून झाल्यावर उस्ता खिडकीशी बसले, त्यांनी नवा कागद घेतला आणि आपले अक्षर कदाचित नीट लागले नसावे असा विचार करून दुसरा प्रश्न पुन्हा, अधिक सुवाच्य, लिहून पाठवला.